ड्रोनवरून चौक मोजायचा तर आधी दुचाकीचे पिक्सेल मोजा

"मॅडम, मॉडेल कुठलं घेऊ?" ट्रॅफिक सर्व्हेच्या कामाला नवीन येणारी मुलं पहिल्याच दिवशी हे विचारतात. माझ्या यादीत मॉडेलचा नंबर बराच खाली लागतो. ड्रोनच्या चित्रातून वाहनं शोधायची असतील तर आधी एवढंच पाहा, की त्या चित्रात एक मोटारसायकल किती पिक्सेलची दिसते. मोटार आणि एसटी कुठल्याही बऱ्या मॉडेलला सापडतात. सांगली-मिरजेच्या चौकात सिग्नल सुटला की पुढे घुसतो तो घोळका दुचाक्यांचा, आणि कामाचं सोनं होतं की माती, ते त्या घोळक्यात ठरतं.

खालचं सगळं सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाची मुलं, नगरपालिकेतले अभियंते आणि माझ्यासारखे छोटे सर्व्हेवाले यांच्यासाठी. थोडं पायथॉन येतं आणि चित्रातल्या वस्तू ओळखून त्यांच्याभोवती चौकट काढणारं एखादं योलो मॉडेल चालवून पाहिलंय, एवढं धरून चालते.

काय मोजायचं ते कागदावर लिहा

वाहनांचे प्रकार मॉडेलच्या यादीतून उचलू नका, ट्रॅफिकच्या हिशेबातून घ्या. शहरी रस्त्याची क्षमता काढताना इंडियन रोड्स काँग्रेसच्या १०६ क्रमांकाच्या, १९९० सालच्या मार्गदर्शिकेतले पीसीयूचे आकडे अजून सर्रास वापरले जातात. एखादं वाहन किती मोटारींइतका रस्ता अडवतं, तो त्याचा पीसीयू. मोटारीला १. एखाद्या प्रकारचा वाटा एकूण वाहतुकीत १० टक्के किंवा जास्त असेल तर दुचाकीला ०.७५, रिक्षाला २, छोट्या टेम्पोला २, ट्रक-बसला ३.७ आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीला ५. वाटा ५ टक्क्यांच्या आसपास असेल तर याच क्रमाने ०.५, १.२, १.४, २.२ आणि ४. सायकल, टांगा, हातगाडी यांचेही आकडे आहेत. सीआरआरआय या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेची इंडो-एचसीएम ही रस्त्यांच्या क्षमतेची पुस्तिका २०१७ सालची, त्यात पद्धत वेगळी आहे. तेव्हा वर्क ऑर्डरमध्ये काय लिहिलंय ते आधी वाचा.

आता गळीत हंगामातला चौक डोळ्यांसमोर आणा. ऊस भरलेले, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर कारखान्याकडे निघालेत. मॉडेलने दहा दुचाक्या सोडल्या तर हिशेबात साडेसात मोटारींची तूट येते. दहा ट्रॅक्टर सोडले तर कमीत कमी चाळीस मोटारींची. म्हणून "मॉडेलची अचूकता ९० टक्के" असं कोणी सांगितलं की मी विचारते, उरलेल्या दहात कोण आहे?

तयार मॉडेलांच्या याद्या इथे तोकड्या पडतात. कोको नावाच्या प्रसिद्ध चित्रसंचावर शिकलेल्या मॉडेलांना ८० प्रकारच्या वस्तू ओळखता येतात, त्यात जिराफ आहे, पण ऑटोरिक्षा नाही. शिवाय ती चित्रं माणसाच्या उंचीवरून काढलेली. वरून पाहिलेली मोटार हे मॉडेलच्या दृष्टीने वेगळंच प्रकरण. त्यापेक्षा त्यान्चिन विद्यापीठाच्या व्हिसड्रोन संचावर शिकलेलं मॉडेल घेऊन सुरुवात करा. चीनच्या १४ शहरांवरून ड्रोनने काढलेली ही चित्रं आहेत आणि दहा प्रकारांत तीनचाकी आणि छताची तीनचाकी असे दोन प्रकार आहेत. आपल्या रिक्षाला ओळखीचं कोणीतरी तिथे भेटतं. डोटा संचात वाहनांचे 'लहान' आणि 'मोठं' असे दोनच भाग. पीसीयूसाठी त्याचा उपयोग नाही, पण तिरक्या चौकटी, म्हणजे वाहन वळलं की त्याच्यासोबत फिरणाऱ्या, शिकवायला तो चांगला.

उंचीचा हिशेब

बहुतेक छोट्या ड्रोनची लेन्स साधारण २४ मिलिमीटरच्या तोडीची असते. अशा लेन्सने सरळ खाली पाहिलं की चित्रात मावणारी रुंदी उंचीच्या दीडपट. १०० मीटरवरून १५० मीटर रस्ता दिसतो. फोर-के व्हिडिओची रुंदी ३८४० पिक्सेल. म्हणजे एक पिक्सेल जवळपास ३.९ सेंटिमीटरचा. दोन मीटर लांब आणि ७० सेंटिमीटर रुंद मोटारसायकल ५१ बाय १८ पिक्सेलची दिसेल, चार मीटरची मोटार १०० बाय ४४ च्या आसपास. छान आहे.

पण हाच व्हिडिओ जसाच्या तसा योलोला दिला की ते नेहमीच्या सेटिंगवर चित्र ६४० पिक्सेलवर आणतं. सहा पट लहान. मोटारसायकल उरते आठ बाय तीन पिक्सेलची. हा तीळ मॉडेलला दिसला नाही तर दोष मॉडेलचा कसा? लोक इथे मॉडेल बदलतात, मोठं मॉडेल आणतात, जीपीयू भाड्याने घेतात, आणि तीळ तसाच राहतो.

माझा ठोकताळा असा, की मॉडेलच्या तोंडात पडेपर्यंत दुचाकीची रुंदी १५ पिक्सेलच्या खाली जाऊ द्यायची नाही. फोर-के आणि वरची लेन्स धरली तर १२० मीटर उंचीवर ती बरोबर पंधराला टेकते. गंमत म्हणजे कायद्याची नेहमीची मर्यादाही १२० मीटरचीच आहे.

खाली उतरून ६० मीटरवरून का काढू नये? काढा, पण मग रस्ता ९० मीटरच दिसतो आणि बसची उंची आडवी येते. तीन मीटर उंचीची बस १०० मीटरवरून पाहताना, ड्रोनच्या खालच्या बिंदूपासून ७५ मीटर दूर असेल तर तिचं टप बाहेरच्या बाजूला सव्वादोन मीटरहून जास्त सरकलेलं दिसतं. बसच्या पलीकडे चिकटून चाललेली स्कूटर त्याखाली पूर्ण झाकली जाते. तितक्याच अंतरावरची बस ६० मीटरवरून कॅमेरा तिरका करून पाहिली तर टप जवळपास चार मीटर सरकेल. म्हणून चौकासाठी मी १०० ते ११० मीटर पसंत करते आणि मोजणीच्या रेषा चित्राच्या कडेला कधीच ठेवत नाही.

उपग्रहाचं चित्र चालेल का, हेही विचारलं जातं. वर्ल्डव्ह्यू-३ चा पिक्सेल ३१ सेंटिमीटरचा, आपल्या कार्टोसॅट-३ चाही त्याच घरातला. मोटार तेरा बाय पाच-सहा पिक्सेलची, दुचाकी रुंदीला दोन पिक्सेल. आणि हातात येतो तो एक क्षण. प्रवाह त्यातून निघत नाही. ट्रक टर्मिनल, पार्किंग, यार्ड मोजायला उत्तम. चौकाला नाही.

उडवण्याआधी

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटरवर येते. त्याहून जवळ परवानगीशिवाय नाही. त्यामुळे डिजिटल स्काय या ड्रोनच्या सरकारी पोर्टलवरचा नकाशा त्या दिवशी सकाळी पुन्हा पाहायचा. पुण्याच्या मित्रांनी तर काम घेण्याआधीच पाहावा, कारण लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. पैसे घेऊन सर्व्हे करत असाल तर २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला प्रमाणपत्रधारक पायलट हवा, आणि ड्रोनला नोंदणी क्रमांक हवाच. पोलीस ठाण्यात लेखी कळवून त्याची पोच खिशात ठेवा. चौकात तासाभरात कोणीतरी येऊन "कशाचं शूटिंग?" विचारतंच. नंबरप्लेट वाचता येते का, हा लोकांचा खरा धसका असतो. चार सेंटिमीटरच्या पिक्सेलला आणि वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला ती वाचता येत नाही, हे व्हिडिओ दाखवूनच सांगावं.

रस्त्याच्या डोक्यावर ड्रोन उभा करू नका. बिघडला तर तो कोणाच्या तरी हेल्मेटवर येणार, आणि आपल्याकडे हेल्मेट असेलच असं नाही. कोपऱ्यावरचा मोकळा प्लॉट किंवा ज्याची परवानगी घेतलीय त्या इमारतीच्या गच्चीवर तो धरा आणि कॅमेरा थोडा तिरका करा. त्या तिरकेपणाचा हिशेब पुढे होमोग्राफीने, म्हणजे तिरकं चित्र सपाट नकाशावर बसवणाऱ्या गणिताने, जुळवता येतो. मटण मार्केटजवळ असाल तर घारींकडे एक माणूस लक्ष ठेवायला लावा. हे हसण्यावारी नेऊ नका.

नुसता सरळ रस्ता मोजायचा असेल तर ड्रोनचं तोंड असं फिरवा की रस्ता चित्राच्या लांब बाजूला समांतर येईल. फुकटची युक्ती आहे. रस्ता तिरका आला की ११ मीटरच्या बसभोवती सरळ चौकट जवळपास साडेनऊ मीटर चौरस होते, आणि त्या चौकटीत बसपेक्षा रिकामा रस्ता आणि शेजारच्या स्कूटरीच जास्त. चौकात मात्र वाहनं वळणारच, तिथे तिरक्या चौकटीचं मॉडेल घ्या.

कॅमेऱ्यात तीन गोष्टी हाताने लावायच्या: शटर, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर सरकते. शटर पन्नासांश सेकंदाचं असेल तर त्यात ती २२ सेंटिमीटर, म्हणजे सहा पिक्सेल फराटली. पाचशेवर ठेवलं की अर्धा पिक्सेल. एक्स्पोजर ऑटोवर राहिलं तर ढग आला-गेला की सगळं चित्र उजळतं-काळवंडतं आणि पांढऱ्या गाड्या काँक्रीटच्या रस्त्यात विरघळतात.

सावल्यांचं काय? गर्दीच्या वेळा सकाळ-संध्याकाळच्या, त्यामुळे दुपारी बारा वाजताची सोयीची वेळ आपल्या नशिबी नाही. डिसेंबरात पाच वाजता मोटारीची सावली मोटारीपेक्षा लांब पडते, आणि नवशिकं मॉडेल त्या काळ्या पट्ट्यालाच दुसरी मोटार समजतं. त्यावर इलाज शूटिंगमध्ये नाही, लेबलमध्ये आहे, म्हणजे शिकवायच्या चित्रांत वाहनांभोवती चौकट काढून प्रकार लिहिण्यात.

बॅटरीच्या डब्यावर काहीही मिनिटं छापलेली असोत, चढ-उतार आणि राखीव सोडून १५ ते २० मिनिटंच कामाची धरा. ट्रॅफिकची मोजणी तशीही पंधरा-पंधरा मिनिटांच्या खणांत होते, तेव्हा एक बॅटरी एक खण असं गणित ठेवा. बॅटरी बदलताना मधे खिंडार पडतंच. २०१८ साली अथेन्समध्ये दहा ड्रोनचा ताफा उडवून शहराचा मध्यभाग टिपला, त्यांच्याही नोंदीत उड्डाणांमधली रिकामी जागा आहे. सोळा तासांची मोजणी ड्रोनने करतो म्हणणाऱ्याला काम देऊ नका; तिथे खांबावरचा कॅमेराच हवा.

चित्राचे तुकडे

आता मूळ फोर-के चित्र लहान न करता त्याचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा मॉडेलला दाखवायचा आणि सापडलेल्या चौकटी परत एकत्र जोडायच्या. यासाठी साही नावाची मोफत लायब्ररी आहे, ती योलोसोबत चालते.

तुकड्याचं माप कुठलं? सगळे ६४० म्हणतात. ६४० पिक्सेलचे, २० टक्के एकमेकांवर चढलेले तुकडे केले तर एका चित्राचे ३२ होतात. वेळ तर जातोच, पण खरी अडचण दुसरी. २० टक्के म्हणजे १२८ पिक्सेल, म्हणजे पाच मीटर. एसटी ११ मीटरची. ती शिवणीवर आली की दोन तुकड्यांत अर्धी-अर्धी दिसते आणि दोन टेम्पो म्हणून नोंदली जाते. मी १२८० चे तुकडे, २५ टक्के चढवून घेते आणि योलोचं सेटिंगही ६४० वरून १२८० वर नेते, नाहीतर तुकडा पुन्हा निम्मा होतो. चढलेला भाग ३२० पिक्सेल, साडेबारा मीटर. बस कुठल्या तरी एका तुकड्यात अख्खी मावते. आणि एका चित्राचे तुकडे होतात आठच.

मॉडेलला शिकवतानाही हेच तुकडे, याच मापाचे वापरा. शिकवताना लहान केलेली अख्खी चित्रं आणि चालवताना तुकडे असं केलंत तर त्याला शिकवलेली मोटार वेगळ्याच आकाराची असते.

लेबल लावणं

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं काम. सीव्हॅट हे मोफत साधन पुरेसं आहे. आधी व्हिसड्रोनवर शिकलेल्या मॉडेलकडून कच्च्या चौकटी पाडून घ्या आणि माणसाने त्या दुरुस्त करा. कोऱ्यापासून काढण्यापेक्षा हात बराच लवकर चालतो. सलग फ्रेम लेबल करू नका. सिग्नलला उभी असलेली तीच पन्नास वाहनं शंभर वेळा दाखवून मॉडेल काही नवीन शिकत नाही. दर दहा-पंधरा सेकंदांनी एक फ्रेम घ्या, आणि सकाळ, संध्याकाळ, ढगाळ, ओला रस्ता असं मिसळून घ्या.

नियम लिहून भिंतीवर लावा, कारण दोन मुलं दोन पद्धतीने लेबल करतात. आमचे असे आहेत. चौकट वाहनाची, सावलीची नाही. दुचाकी म्हणजे गाडी अधिक त्यावरची माणसं, ट्रिपल सीट असली तरी चौकट एकच. वडापच्या जीपा मोटारीत, छोटा हत्ती टेम्पोत. झाडाखालून निम्म्यापेक्षा जास्त दिसत असेल तरच चौकट काढायची.

ट्रॅक्टरवर आमच्याकडे बरीच वादावादी झाली. अख्ख्या गाडीला एक चौकट घातली तर सरळ चालताना ठीक, पण वळताना ट्रॅक्टर एका दिशेला, पहिली ट्रॉली दुसऱ्या आणि मागची तिसऱ्याच. ती चौकट अर्धा चौक व्यापते. त्यामुळे ट्रॅक्टरचं डोकं हा एक प्रकार, ट्रॉली हा दुसरा. मोजायचं डोकं. ट्रॉल्या वेगळ्या मोजून ठेवायच्या, कारण मार्गदर्शिकेतला ४ किंवा ५ हा आकडा ट्रॅक्टर-ट्रॉलीचा आहे. दोन ट्रॉल्यांना काय लावायचं ते काम देणाऱ्याशी बोलून ठरवावं लागतं, आणि बोलायला आकडे हातात हवेत. उसाने भरलेली ट्रॉली वरून गवताच्या ढिगासारखी दिसते, तिच्या दोन्ही बाजूंना वाढे लोंबत असतात. रिकामी ट्रॉली म्हणजे लोखंडी चौकोन. दोन्ही भरपूर दाखवा.

काहीच वाहन नसलेली चित्रंही संचात घाला. गच्चीवरच्या काळ्या पाण्याच्या टाक्या, टपऱ्यांचे पत्रे, फळवाल्यांच्या छत्र्या, ताडपत्री. मॉडेल यांनाच रिक्षा आणि टेम्पो समजतं. त्याहून सोपा मार्ग म्हणजे रस्त्याची हद्द आखून बाहेरचं सगळं झाकून टाकणं. पण पेट्रोल पंप त्यात झाकू नका; कोपऱ्यावर पंप असेल तर निम्मा घोळका सिग्नल चुकवायला त्याच्यातून कापून जातो.

एक गोष्ट ठामपणे. एकाच व्हिडिओच्या फ्रेम उलटसुलट वाटून काही शिकवायला आणि काही परीक्षेला ठेवू नका. परीक्षेचा पेपर आधीच फुटलेला असतो, गुण भरघोस येतात आणि दुसऱ्या चौकात मॉडेल तोंडावर पडतं. परीक्षेला वेगळा दिवस ठेवा, जमल्यास वेगळा चौक.

मॉडेलची बात इथे आली. योलोचं मधल्या आकाराचं, तिरक्या चौकटीचं रूप घ्या आणि गूगल कोलॅबवर शिकवा. पुरतं. अल्ट्रालिटिक्सच्या आवृत्त्या एजीपीएल परवान्याखाली आहेत, तेव्हा त्यावर सॉफ्टवेअर बांधून विकणार असाल तर आपला कोड खुला करा किंवा त्यांचा व्यावसायिक परवाना घ्या.

ओळख टिकवणं आणि मोजणं

एका फ्रेममध्ये किती वाहनं आहेत हा आकडा ट्रॅफिकवाल्याला नको असतो. कुठून आलं आणि कुठे गेलं, ते हवं. त्यासाठी बाइटट्रॅकसारखा ट्रॅकर प्रत्येक वाहनाला क्रमांक देऊन फ्रेममागून फ्रेम त्याचा माग ठेवतो. हा माग मुख्यतः मागच्या जागेवरून अंदाजलेली चौकट आणि नवी चौकट एकमेकींवर किती बसतात, यावर चालतो. म्हणून वेळ वाचवायला फ्रेम फार गाळू नका. सेकंदाला दहा फ्रेम घेतल्या तर ताशी ४० ची दुचाकी दोन फ्रेममध्ये १.१ मीटर सरकते, स्वतःच्या निम्म्या लांबीएवढी. पाचच घेतल्या तर २.२ मीटर, चौकटी एकमेकींना शिवतही नाहीत, आणि शेजारून जाणाऱ्याचा क्रमांक हिला लागतो.

ट्रॅकरच्या आधी व्हिडिओ स्थिर करा. वाऱ्याने ड्रोन हलतो, उभी वाहनं चालू लागतात आणि थांबलेल्या रांगेलाही वेग मिळतो. ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीत पहिल्या फ्रेमच्या खुणांशी पुढच्या फ्रेम जुळवता येतात. मीटरचं माप बसवायला चौकातल्या चार ठळक खुणा निवडा, गटाराची झाकणं किंवा झेब्रा पट्ट्यांचे कोपरे, आणि टेपने एकमेकांतली अंतरं मोजून आणा. ते उड्डाणाच्याच दिवशी करा. पुढच्या आठवड्यात कोणीतरी तिथे डांबर ओतलेलं असतं.

मग प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी एक गेट, म्हणजे मोजणीची रेषा, आखा. झाडाच्या सावलीत नाही, झाडाच्या अलीकडे, जिथे वाहन पूर्ण दिसतं. गेट दोन्ही दिशांनी मोजणारं हवं, कारण राँग साइडने येणारा हाही वाहतुकीचा भाग आहे. पंपाच्या दोन्ही फाटकांना वेगळं गेट द्या. ज्याचं आत येणं आणि बाहेर जाणं दोन्ही सापडलं, तो माग वळणांच्या तक्त्यात जातो. एकच टोक सापडलेले माग बाजूला काढून हाताने पाहा. ते जास्त निघाले तर मधे कुठेतरी फांदी, होर्डिंग किंवा तारांचा जुडगा आडवा येतोय. एकही गेट न ओलांडलेले माग म्हणजे उभी वाहनं. ती फेकून देऊ नका, रस्त्याकडेच्या पार्किंगचा तक्ता त्यातून आयता निघतो.

पडताळणी

एका पंधरा मिनिटांच्या खणाची माणसाकडून मोजणी करून घ्या, रस्त्यावर टॅली शीटवर आणि नंतर तोच व्हिडिओ हळू चालवूनही. दोन्हींत फरक येईल. घोळका सुटतो तेव्हा रस्त्यावरच्या माणसाच्या हातून दुचाक्या निसटतात, तर झाडाखालचं त्यालाच दिसतं. खरं म्हणून मी हळू चालवलेला व्हिडिओ धरते आणि झाडाखालच्या भागापुरती रस्त्यावरची शीट.

मॉडेलचे आकडे प्रकारवार समोरासमोर मांडा आणि शेजारच्या रकान्यात फरक पीसीयूत लिहा. एकूण बेरजेवर जाऊ नका. तिथे सुटलेल्या रिक्षा आणि नसलेले टेम्पो एकमेकांना झाकून घेतात. रिक्षा आणि छोटा हत्ती यांची अदलाबदल पीसीयूत फारशी जाणवत नाही, तिच्यामागे रात्र जागवू नका. ट्रॅक्टर आणि बसच्या चुका मात्र एकेक करून व्हिडिओत शोधा.

तक्त्यासोबत प्रत्येक खणाचा एक मिनिटाचा, चौकटी आणि क्रमांक दिसणारा व्हिडिओ द्या. नगरपालिकेतले साहेब तक्ता बाजूला ठेवून तोच आधी उघडतात आणि पहिली न मोजलेली स्कूटर बरोबर शोधून काढतात. उत्तर म्हणून पडताळणीचा रकाना तयार असू द्या.